हातचा एक

दुसऱ्या इयत्तेंतील एखादें मूल बेरीज करीत बसलें असतां त्याच्याजवळ क्षणभर कान देऊन उभें राहावें. अठ्ठावीस आणि सत्तावीस यांची बेरीज वहींत मांडलेली असते. मूल पुटपुटतें, "आठ नि सात पंधरा. पंधराचे पांच मांडले, हातचा एक. दोन नि दोन चार, चार नि हातचा एक, पांच." उत्तर आलें पंचावन्न. उत्तर बरोबर आहे. गुरुजी बरोबरची खूण करतात आणि मूल पुढच्या उदाहरणाकडे वळतें. परंतु तेवढ्यांत त्याला कोणी हळूच विचारावें, "बाळ, तुझ्या हातांत जो एक होता, तो कशाचा एक? तो एक म्हणजे किती?" पुष्कळ मुलें गोंधळून विचारणाराच्या तोंडाकडे पाहतात. कांहीं धिटाईनें सांगतात, "एक म्हणजे एक!" तो एक म्हणजे दहा, हें सांगणारें मूल विरळा.

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय या लहानशा प्रश्नांत सांठविलेला आहे. 'हातचा' हा शब्द हाताचा आहे, पण मुलाच्या हातांत प्रत्यक्ष कांहींच नसतें. पहिल्या-दुसऱ्या इयत्तेंतील मुलांना वस्तु हाताळून, मांडून, मोडून, खेळून शिकूं द्यावें, असें शिक्षणाचे जाणकार कित्येक वर्षें सांगत आले आहेत. सुशिक्षित घरांतून त्याला मान्यताही मिळते. पण मूल घरीं येऊन "आज आम्ही काड्या बांधल्या" असें सांगूं लागलें कीं वडिलांच्या कपाळावर आठी पडते. "काड्या बांधल्यास, तें ठीक, पण शिकलास काय?" हा प्रश्न रास्त आहे. तो विचारणारे आईबाप मुलाचे हितचिंतकच असतात. म्हणून त्या प्रश्नाला 'मुलांना मजा वाटते' असें मोघम उत्तर देऊन चालणार नाहीं. काड्या बांधतांना मूल नक्की काय शिकतें, हें दाखवून दिलें पाहिजे.

मराठी मुलाच्या वाट्याला संख्यांच्या बाबतींत एक विशेष अडचण आलेली आहे. 'पंचवीस' या शब्दांत पांच आधीं ऐकूं येतात आणि वीस मागून; लिहितांना मात्र दोनाचा अंक आधीं आणि पांचाचा मागून. जसें ऐकलें तसें लिहिणारें मूल पंचवीसचे ५२ लिहितें. तें मूल निष्काळजी नसतें. उलट आपल्या कानाशीं फार प्रामाणिक असतें. त्यांतच एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास अशीं नांवें येतात. तेथें तीस, चाळीस, पन्नास ऐकूं येतात, पण लिहावयाचे असतात दोनावर नऊ, तिनावर नऊ, चारावर नऊ. ही 'एक उणे' करण्याची रीत मुलाच्या अंगवळणी पडते न पडते तोंच नव्याण्णवला ती सुटते. मोठ्यांना या अडचणी दिसत नाहींत, कारण त्यांनीं त्या केव्हांच ओलांडलेल्या असतात.

इ. स. २०१९ सालीं महाराष्ट्राच्या दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत 'वीस पांच', 'तीस दोन' अशा रीतीनें संख्या वाचण्याची पद्धत देण्यांत आली, तेव्हां वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत मोठा गदारोळ उडाला. गणित-समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनीं जोडाक्षरांमुळें आणि उलट क्रमामुळें मुलांची होणारी ओढाताण हें त्याचें कारण सांगितलें. विरोध करणारांना आपल्या भाषेंतील रुळलेले शब्द हरपतील अशी भीति वाटली. त्या वादाचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. दोन्ही पक्षांना मान्य होईल अशी गोष्ट एवढीच कीं, संख्येचें नांव कोणतेंही असो, त्या नांवामागची वस्तु मुलाच्या हाताखालून गेलेली असली पाहिजे. तशी ती गेली नसेल, तर सोपें नांवही केवळ आवाज ठरतें.

ती हाताखालून कशी जाते, हें पाहण्यासाठीं एका वर्गाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. वर्ग साधा आहे. चाळीस मुलें, एक फळा, खालीं सतरंजी. बाईंनीं खराट्याच्या काड्या सारख्या तोडून डब्यांतून आणलेल्या आहेत. मागच्या रांगेंतला एक मुलगा आहे; त्यानें पंचवीसचे ५२ लिहिले आहेत. बाई त्याला चूक म्हणत नाहींत. त्या सर्वांनाच सांगतात, "पंचवीस काड्या मोजून समोर ठेवा." मुलें मोजूं लागतात. शेजाऱ्याचें कोपर लागतें, मोजणें चुकतें, पुन्हां पहिल्यापासून सुरुवात होते. दोन-तीनदां असें झाल्यावर बाई विचारतात, "एकदां मोजलेल्या काड्या पुन्हां मोजाव्या लागूं नयेत म्हणून काय करतां येईल?" कोणी म्हणतो, खडूनें खुणा कराव्या. कोणी म्हणतो, बाजूला ठेवाव्या. एक मुलगी म्हणते, "भाजीवाली मेथीची जुडी बांधते, तशी बांधूं या." बाईंना हेंच हवें असतें. पण तें त्यांनीं सांगितलेलें नाहीं. तें वर्गांतून आलेलें आहे. मग दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधल्या जातात. जमिनीवर खडूनें दोन घरें आंखलीं जातात. डावीकडचें जुड्यांचें आणि उजवीकडचें सुट्या काड्यांचें. पंचवीस म्हणजे दोन जुड्या आणि पांच सुट्या.

आतां तो मागच्या रांगेंतला मुलगा आपल्या वहीकडे पाहतो. तेथें पांच आधीं आहेत. तो वहींत लिहिल्याप्रमाणें पांच जुड्या आणि दोन काड्या मांडून पाहूं लागतो. त्याच्या डब्यांतल्या काड्या पुरत नाहींत. तो शेजाऱ्याकडून मागून घेतो. ढीग केवढा तरी मोठा होतो. "एवढ्या कुठें होत्या!" असें म्हणून तो आपला आंकडा आपणच खोडतो. ही चूक बाईंनीं दाखविली नाहीं, काड्यांनीं दाखविली. मोठ्या माणसानें दाखविलेली चूक मुलाला लाजविते. वस्तूनें दाखविलेली चूक त्याला विचार करावयास लावते. हातानें शिकण्याचा हा पहिला लाभ, आणि कदाचित् सर्वांत मोठा.

नंतर बेरजेचा दिवस येतो. अठ्ठावीस म्हणजे दोन जुड्या व आठ सुट्या, सत्तावीस म्हणजे दोन जुड्या व सात सुट्या. सुट्या एकत्र केल्या कीं पंधरा होतात. सुट्यांच्या घरांत दहा जमल्या कीं जुडी बांधावयाची, हा नियम मुलांना ठाऊक आहे. दहा काड्यांची नवी जुडी बांधली जाते. खालीं पांच उरतात. ती नवी जुडी मूल हातांत धरून क्षणभर थांबतें, कारण तिची जागा सुट्यांच्या घरांत नाहीं. मग तें ती उचलून जुड्यांच्या घरांत ठेवतें. 'हातचा एक' याचा अर्थ त्या क्षणीं मुलाच्या मुठींत असतो. तो एकच आहे, पण त्यांत दहा आहेत.

वजाबाकीचा दिवस त्याहून महत्त्वाचा. बत्तिसांतून सात काढावयाचे. समोर तीन जुड्या आणि दोनच सुट्या. मूल दोन काड्या उचलतें आणि अडतें. हाताशीं काड्या तर आहेत, पण त्या बांधलेल्या आहेत. तें जुडीकडे पाहतें, बाईंकडे पाहतें आणि विचारतें, "बाई, दोरा सोडूं का?" ज्या मुलानें हा प्रश्न विचारला, त्याला उसना घेण्याची सारी रीत समजली असें खुशाल समजावें. दोरा सुटतो, सुट्या बारा होतात, सात जातात, पांच उरतात; पलीकडे दोन जुड्या राहतात. उत्तर पंचवीस. "शेजाऱ्याकडून एक उसना घेतला" या मंत्रानें हीच कृति वर्षानुवर्षें पाठ करविली जाते. पण शेजाऱ्यानें एक दिला असतां त्याचे दहा कसे झाले, हें कोडें ज्याला सुटलें नाहीं, तें मूल पुढें तिसरी-चौथींत मोठ्या वजाबाक्या आणि भागाकार येतांच ढांसळतें. मग 'हा गणितांत कच्चा' असा शिक्का त्यावर बसतो. तो शिक्का एका दोऱ्याच्या गांठीमुळें बसलेला असतो. पण वाहावा लागतो जन्मभर.

काड्या कायमच्या वापरावयाच्या नसतात, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. प्रथम वस्तु, मग वस्तूचें चित्र आणि शेवटीं केवळ अंक, असा क्रम असतो. कांहीं दिवसांनीं मुलें जुडीऐवजीं एक उभी रेघ आणि सुट्या काडीऐवजीं एक टिंब काढूं लागतात. आणखी कांहीं दिवसांनीं रेघा-टिंबेंही नकोशीं होतात. मूल आपणहून काड्यांचा डबा बाजूला सारतें, तो दिवस ओळखणें ही शिक्षकाची खरी कसोटी. त्याच्या आधीं डबा काढून घेतला तर मूल अधांतरीं राहतें. त्यानंतरही पुढ्यांत ठेवला तर तें पांगळें होतें.

हा विचार कोणा एकाच्या डोक्यांतून एका दिवसांत निघालेला नाहीं. जर्मनींत फ्रोबेल यानें १८३७ सालीं लहान मुलांसाठीं खेळाची शाळा काढली आणि १८४० सालीं तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असें नांव दिलें. इटलींत डॉक्टर मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालच्या जानेवारींत रोम शहराच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत बालगृह सुरू केलें. दहा मण्यांची एक सळी, दहा सळ्यांचा एक चौरस आणि दहा चौरसांचा एक घन, हें त्यांचें मण्यांचें साहित्य काड्यांच्या जुडीचेंच आखीव रूप आहे. खरखरीत कागदाचीं अक्षरें बोटानें गिरवून मुलानें लेखणी धरण्यापूर्वींच अक्षर हातांत बसवावें, हीही त्यांचीच योजना.

आपल्याकडे भावनगरला गिजुभाई बधेका यांनीं वकिली सोडून १९२० सालीं दक्षिणामूर्तींत बालमंदिर काढलें. १९२३ सालीं ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंच्या पुढें एक मोठा प्रश्न उभा राहिला. परदेशी साधनें घोटीव, सुबक आणि महाग होतीं. तीं शहरांतील सुस्थित मुलांपुरतींच राहिलीं, तर या शिक्षणाचा देशाला उपयोग कोणता? १९४५ सालीं त्यांनीं समुद्रकांठच्या बोर्डी या गांवीं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलें आणि अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या. तेथें शंख-शिंपले, बिया, पानें, दगड, माती हींच साधनें झालीं. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या वस्तींतल्या अंगणांत गेली, ती अंगणवाडी. पुढें कोसबाडच्या टेकडीवर काम गेल्यावर गुरें राखणाऱ्या वारली मुलांसाठीं शाळा कुरणांत गेली, ती कुरणशाळा. १९७५ सालीं केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेंच नांव मिळालें आणि तो शब्द देशभर गेला. साधन महाग असावें लागत नाहीं, हें या दोन बायांनीं आपल्या आयुष्यानें सिद्ध केलें आहे.

गणिताखेरीज इतर विषयांतही हाताला पुष्कळ काम आहे. बाकाची लांबी वितींनीं मोजावयास सांगावी. एकाची सहा वीत भरते, दुसऱ्याची सात. "बाक एकच, मग लांबी दोन कशा?" यावर वर्गांत जें भांडण होतें, त्यांतूनच सर्वांना सारखें असें माप पाहिजे, ही जाणीव निघते, मग पट्टी हातांत दिली तर ती परकी वाटत नाहीं. दोन करवंट्यांचा तराजू करून मुठीएवढा दगड आणि ओंजळभर कापूस त्यांत घालावा; पण घालण्यापूर्वीं प्रत्येकानें आपला अंदाज सांगितलाच पाहिजे. अंदाज केल्याशिवाय केलेला प्रयोग ही निव्वळ गंमत. अंदाज करून केलेला प्रयोग हें शिक्षण. रुंद पेल्यांतलें पाणी उंच निमुळत्या पेल्यांत ओतलें कीं लहान मूल म्हणतें, पाणी वाढलें. जीन पियाजे या स्वित्झर्लंडच्या मानसशास्त्रज्ञानें मुलांच्या अशा उत्तरांचा अभ्यास करून दाखविलें कीं हा हट्ट नव्हे, ही त्या वयाच्या विचाराची पायरी आहे. रागावून ती ओलांडतां येत नाहीं. पुन्हां पुन्हां ओतून पाहिल्यानेंच मूल हळूहळू वर चढतें.

मूग ओल्या फडक्यांत बांधून ठेवावे. मोड आले कीं कांहीं उजेडांत आणि कांहीं कपाटाच्या अंधारांत मातींत लावावे. अंधारांतलें रोप जास्त उंच होतें, हें पाहून मुलें चकित होतात. पण तें पिंवळें आणि लुळें आहे, हेंही त्यांना दिसतें. रोज एक चित्र आणि एक वाक्य वहींत लिहावयाचें, एवढाच नियम. लिहिण्याची सक्ति न करतां लिहिणें येथें आपोआप होतें. अक्षरांच्या बाबतींत आपल्या पूर्वजांची धूळपाटी विसरण्यासारखी नाहीं. ताटांत बारीक वाळू पसरून बोटानें ग, म, भ, न अशीं सारख्या वळणाचीं अक्षरें काढलीं तर चुकलेलें अक्षर हात फिरवतांच नाहींसें होतें. कागदावरची खाडाखोड मात्र मुलाच्या मनावरही राहते.

या पद्धतीवर तीन आक्षेप नेहमीं घेतले जातात. पहिला असा कीं, यानें पाठांतर मागें पडतें. हा आक्षेप तिच्या अतिउत्साही भक्तांनीं ओढवून घेतलेला आहे. पाढे पाठ असलेच पाहिजेत. जुन्या शाळेंतील पावकी, निमकी, दिडकी पाठ केलेला पोरगा दुकानांत बसून क्षणांत हिशेब सांगे, तें उगीच नव्हे. पण त्या काळीं रुपयाचे सोळा आणे होते. पाव, अर्धा, पाऊण हें सारें त्याच्या रोजच्या हाताळणींतलें होतें. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं आणि तो व्यवहार हळूहळू गेला. पाठांतराला आधार देणारी वस्तु हातांतून गेली असतां ती वर्गांत आणून द्यावी लागते, एवढेंच.

दुसरा आक्षेप गोंगाटाचा आणि वेळेचा. चाळीस मुलांनीं काड्या मोजल्या तर गलबला होणारच. यावर अनुभवी शिक्षकांचा उपाय असा कीं, सर्व वर्गाला एकाच वेळीं एकच काम देऊं नये. एक गट बाईंसमोर काड्या घेऊन बसतो, दुसरा वाळूंत अक्षरें गिरवितो, तिसरा वहींत उदाहरणें करतो. मग पाळी बदलते. वस्तु जेथून घेतली तेथें परत ठेवणें हाही पाठाचाच भाग धरावा. वेळ अधिक लागतो, हें खरें. पण दुसरींत वांचविलेला आठवडा चौथींत महिना होऊन परत मागितला जातो.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. कृतीच्या नांवाखालीं पुष्कळदां नुसता देखावा होतो. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानें तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या शिक्षणांत खेळाला मोठें स्थान दिलें आहे; हें स्वागतार्ह आहे. पण शहरांतील कित्येक घरांत 'प्रोजेक्ट' म्हणून जें येतें, तें आई रात्रीं अकरापर्यंत जागून थर्मोकोलवर चिकटविते आणि मूल शेजारीं झोंपलेलें असतें. सकाळीं सुबक घर शाळेंत जातें, त्याची वाहवा होते, आणि मूल एक गोष्ट निश्चित शिकतें : आपल्या हातचें काम आईच्या हातच्या कामाइतकें चांगलें नसतें. वांकडें, ओघळलेलें, पण मुलाचें स्वतःचें घर अशा शंभर देखण्या घरांपेक्षां मोलाचें आहे. कोणत्याही कृतीची परीक्षा एकाच प्रश्नानें करावी. या वेळीं विचार कोण करीत आहे? मूल करीत असेल तर तें शिक्षण, मोठें माणूस करीत असेल तर तो तमाशा.

घरच्या मंडळींना यासाठीं फार कांहीं करावें लागत नाहीं. मटार सोलतांना शेंगेंत दाणे किती निघतील याचा अंदाज मुलाला करूं द्यावा. भाकरीची अर्धी आणि अर्ध्याची चतकोर त्यालाच मोडूं द्यावी. अपूर्णांकाचा पहिला धडा त्या ताटांत आहे. लाडू वळावयास बसवावें आणि पांच माणसांत बारा लाडू वांटावयास सांगावें. उरलेल्या दोन लाडवांचें काय करावयाचें, हा प्रश्न त्याला पडला म्हणजे भागाकाराची बाकी त्याच्या घरींच उभी राहिली. सांडेल, फुटेल, उशीर होईल, तेवढें सोसावें. आणि उत्तर आपल्या तोंडाशीं आलें असतां तें गिळून दहा पळें गप्प बसावें. ही शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे.

म्हणून संध्याकाळीं मूल घरीं येऊन "आज आम्ही काड्या बांधल्या" असें सांगूं लागलें, तर "शिकलास काय?" हा प्रश्न जरूर विचारावा, पण निराळ्या रीतीनें. दहा-दहा काड्यांच्या दोन-तीन जुड्या घरांतही सहज होतात. त्या पुढें करून म्हणावें, "मला दाखव पाहूं." मूल मोजील, बांधील, मधेंच चुकेल, सोडून पुन्हां बांधील. आणि जुडी मुठींत धरून जर तें म्हणालें, "बाबा, हा हातचा एक, पण आंत दहा आहेत", तर त्या दिवशींची शाळा कारणीं लागली, असें निःशंक समजावें.